यादी लागेपर्यंतचा उपास

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, "नोकरीतलं काहीतरी लिहा, पण दिवाळीला शोभेल असं." मागच्या वर्षीच्या त्यांच्या अंकात चकलीच्या भाजणीवर चार पानं होती आणि अनारशांवर तीन, तेव्हा दिवाळीला काय शोभतं याचा मला अंदाज होता. मी म्हटलं, माझ्याकडे एका न जेवणाऱ्या मुलीची हकीकत आहे. मग त्या म्हणाल्या, "बरं, लिहा. पण पाककृतींच्या शेजारी नाही लावणार." त्यांचंही बरोबर आहे.

मी हैदराबादेतल्या एका खाजगी शाळेत सोशल वर्कर होते. म्हणजे नेमकं काय, हे निवृत्त होईपर्यंत बऱ्याच जणांना कळलं नाही. माझ्या मावशीला वाटायचं मी झोपडपट्टीत कपडे वाटते. शाळेच्या व्यवस्थापनाला वाटायचं, कुठल्याच विषयाची नसलेली ही बाई कुठल्याही विषयाच्या तासाला पाठवता येते. त्यामुळे मी बदलीचे तास घेतले, हरवलेल्या पाण्याच्या बाटल्यांचं कपाट सांभाळलं, बसच्या रांगा लावल्या आणि बतुकम्माच्या सणाला फुलांच्या टोपल्याही रचल्या. उरलेल्या वेळात ज्या कामाची पदवी घेतली होती ते केलं. ते काम सांगायला सोपं आहे. मूल काय शिकलं ते शिक्षक बघतात. ते का शिकत नाही, का रडतं, का मारतं, का गप्प बसतं ते मी बघायचं. त्यासाठी त्याच्या घरी जायचं, आईबापांशी बोलायचं, गरज पडली तर डॉक्टर गाठायचा आणि मग त्याला वर्गात परत नीट बसता येईल अशी सोय करायची. उपचार करणं माझं काम नव्हतं. वेळेत ओळखणं हे मात्र माझंच काम होतं, आणि ही हकीकत त्याचीच आहे.

ही गोष्ट आमच्या राज्याचे आंध्र आणि तेलंगणा असे दोन भाग झाले त्या दिवसांतली. शहर जिथे होतं तिथेच राहिलं, फक्त त्यात राहणाऱ्या प्रत्येकाला आपण नक्की कुठले हे कागदानिशी सांगावं लागायला लागलं. आम्ही इथली मराठी माणसं आधीच्या भाषावार पुनर्रचनेतही इथेच राहिलेली, त्यामुळे या विषयातले आपण जुने जाणते, असा आमचा समज होता. शाळेत भूगोलाच्या बाईंनी भिंतीवरच्या नकाशावर स्केचपेनने नवी सीमा काढली. त्यांचा हात हलला आणि एक अख्खा तालुका भलतीकडे गेला. मुलं मधल्या सुट्टीत आंध्र आणि तेलंगणा असे संघ करून कबड्डी खेळायची आणि खरोखरीची भांडायची. प्रिन्सिपल मॅडम रोज सकाळी शिक्षकांना सांगायच्या, "दिवस नाजूक आहेत, कशालाही हात लावू नका." हात न लावणं या कामात आमची शाळा अत्यंत तरबेज होती.

त्या वर्षी नववीत एक मुलगी होती. तिला इथे वैदेही म्हणते. खरं नाव ती स्वतः सांगेल, तिला सांगावंसं वाटलं तर. घर चिक्कडपल्लीत, इथल्या जुन्या मराठी ब्राह्मण घराण्यांपैकी. आजोबा वकील, आई दुसऱ्या एका शाळेत गणित शिकवणारी आणि वडील, त्यांना विनायकराव म्हणू, सरकारी कार्यालयात अधिकारी. तीन पिढ्या या शहरात काढलेले विनायकराव कॉलेजची काही वर्षं कर्नूलला शिकले होते. सरकारी नोकरांची दोन राज्यांत वाटणी सुरू झाली तेव्हा एवढ्या भांडवलावर त्यांचं नाव पलीकडच्या, म्हणजे आंध्रच्या, तात्पुरत्या यादीत आलं. जिथे जायचं ती राजधानी तेव्हा कागदावर होती. त्यांनी अर्ज केला, पुरावे जोडले आणि अंतिम यादीची वाट बघत बसले. त्या वर्षी निम्मं शहर कुठल्या ना कुठल्या यादीची वाट बघत होतं.

वैदेही हुशार, अबोल, पहिल्या बाकावरची. अशा मुलांकडे सोशल वर्करचं लक्ष जात नाही. आमच्याकडे गोंधळ घालणाऱ्यांना पाठवतात, गुणी मुलं स्वतःच्या जिवावर जगतात असा एक सर्वमान्य समज आहे. श्रावणात तिने सोमवार धरले. श्रावण संपला, तिचे सोमवार संपले नाहीत. मग गुरुवार आले, शनिवार आले. चतुर्थी, एकादशी हे तर हक्काचेच. स्टाफरूममध्ये तिचं कौतुक सुरू झालं. एक बाई म्हणाल्या, आजकालच्या मुलींत अशी श्रद्धा दिसत नाही. दुसऱ्या बाईंनी तिला जिन्यात थांबवून विचारलं, "किती छान बारीक झालीस गं! काय खातेस ते मला पण सांग ना." डाएट विचारायला शिक्षिका जिच्याकडे जात होत्या, ती पोर तेव्हा उपाशी मरत होती. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मीही तिथेच बसून चहा पीत होते.

पहिल्यांदा बोलली ती आमची आया, यादम्मा. शिक्षण चौथी. मुलींच्या बाथरूमची आणि पाण्याच्या टाकीची जबाबदारी तिच्याकडे. एका गुरुवारी ती माझ्या खोलीच्या दारात स्टीलचा डबा घेऊन उभी राहिली.

"मैडम, वो नाइन्थ की बच्ची रोज मेरेकु डब्बा देरी."

"उपास असेल तिचा, यादम्मा."

"उपास है बोलकेच देरी. पन ये देखो, साबूदाना है, आलू है. उपास का खाना बी नक्को तो कब खाती उनो?"

मराठी वाचकांना यातली गोम समजावून सांगायला नको. आपल्याकडे उपास म्हणजे खाणं बंद नसतं, खाणं बदलतं. आमच्या शेजारच्या काकू एकादशीला जे आणि जेवढं खातात ते बाकीच्या दिवशी त्यांना झेपत नाही. खिचडी, वरी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर केळं. जो उपासाचंही खात नाही त्याचा उपास नाही, दुसरंच काहीतरी आहे. हे एका तेलुगू आयाला कळलं. एमएसडब्ल्यू झालेल्या मराठी बाईला कळायला हरकत नव्हती.

आणि मला कळलं होतं, खोटं कशाला सांगू. मी लक्ष ठेवायला लागले तेव्हा दिसलं की ऑक्टोबरच्या उन्हात ती स्वेटर घालून बसते. आबिड्सच्या दुकानातून जूनमध्ये घेतलेला युनिफॉर्म दोनदा आत घेतलेला होता. हाताचा स्पर्श थंड. हातांवर बारीक लव. जिना चढून आली की भिंतीला टेकायची. या आजाराला डॉक्टर ॲनोरेक्सिया म्हणतात. आमच्या अभ्यासक्रमात त्यावर अर्धं पान होतं आणि त्या अर्ध्या पानावरची सगळी लक्षणं माझ्यासमोर तिसऱ्या जिन्यावर धापा टाकत उभी होती.

तरी मी सहा आठवडे गप्प बसले.

का, ते सांगते. आम्ही बौद्ध. वडील नांदेडकडून इथे आबिड्सच्या पोस्टात नोकरीला आले, गौलीगुड्यात खोली घेतली. आमच्या घरात उपास, नवस, सोवळं यातलं काही नव्हतं. वडील म्हणायचे, उपाशी राहायचं असतं तर आपण गावीच राहिलो असतो. शाळेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी कधी काही बोलत नव्हतं, म्हणजे सगळे सतत बोलत होते हे समजून घ्या. आता मी, सोनवणे मॅडमने, उठून म्हणायचं की अमक्या घरच्या मुलीचे उपास थांबवा? मला पुढची वाक्यं तोंडपाठ होती. मी प्रिन्सिपल मॅडमना विचारून बघितलं. त्या म्हणाल्या, "धार्मिक गोष्ट आहे. दिवस नाजूक आहेत." मला खरं तर त्यांनी असंच म्हणावं असं वाटत होतं. मी 'निरीक्षण चालू' असा शेरा माझ्या फाइलीत लिहिला. भ्यायलेल्या माणसासाठी याच्याइतका सुंदर शब्दप्रयोग नाही.

सहा आठवड्यांनी ती प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली. स्टुलाचा कोपरा कपाळाला लागून टाका पडला. त्या शनिवारी मी चिक्कडपल्लीला त्यांच्या घरी गेले.

विनायकराव स्वभावाने गोड माणूस. टेबलावर त्यांच्या अर्जांच्या प्रतींचा गठ्ठा होता, वर पेपरवेट. वैदेहीबद्दल विचारल्यावर त्यांचे डोळेच भरून आले.

"काय सांगू मॅडम तुम्हाला. पोरीनं माझ्यासाठी उपास धरलेत. बाबा हितंच राहिले पाहिजेत म्हणून. मी नको म्हणलो तर ऐकना. एवढ्याशा पोरीला कुणी शिकवलं हो हे?"

मी म्हटलं, "उपासाला मी काही म्हणत नाही. पण ती उपासाचंही खात नाही. डबा आयाला देते."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "असं कसं? मी स्वतः खिचडी भरून देते रोज."

"तुम्ही देता. ती खात नाही."

"मॅडम, राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण तुमच्यात उपास नसतात ना? मग तुम्हाला हे कसं कळंल? कडक धरला तर काही घेत नसतात."

या वाक्याची मी सहा आठवडे वाट बघत होते. ते आलं आणि गेलं आणि छत काही कोसळलं नाही. इतकंच असणार होतं हे आधी कळलं असतं तर सहा आठवडे वाचले असते.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे: श्रद्धेशी वाद घालू नये, तिचे नियम विचारावेत. मी विचारलं, "नवस आहे तर त्याला मुदत असेल. कधीपर्यंत?" दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आतल्या खोलीतून वैदेहीच म्हणाली, "यादी लागेपर्यंत." मग मी, अत्यंत शहाणी बाई, तह करून टाकला. यादी लागली की उपास संपले. तोवर आठवड्याला दोनच, त्या दिवशी फळं आणि दूध आईच्या समोर घ्यायचं. डॉक्टरकडे जाण्याचं मी सुचवलं तेव्हा विनायकराव म्हणाले, "यादी होऊन जाऊ द्या मॅडम, आत्ता डोकं जागेवर नाही." मी मान डोलावली. बाहेर पडताना मला वाटत होतं की हे प्रकरण प्रशिक्षण वर्गात सांगण्यासारखं झालं.

ते तसं झालंच, पण काय करू नये या सदरात. मी एका आजाराला सरकारी यादीची मुदत बांधून दिली होती. ज्या देशात यादी म्हणजे काय हे लहान पोरालाही माहीत आहे, तिथे हे मला सुचावं! यादी नाताळात लागणार होती. नाताळात कळलं, संक्रांतीनंतर. संक्रांतीनंतर कळलं, हरकती पुन्हा मागवल्यात. प्रत्येक पुढे ढकललेल्या तारखेबरोबर वैदेहीला नवी मुदत मिळत होती, माझ्या संमतीने. सकाळी आईच्या समोर घेतलेल्या दुधाचं ती शाळेत आल्या आल्या बाथरूममध्ये काय करत होती, ते यादम्माने मला सांगितलं. डब्याचंही तिनेच सांगितलं होतं.

मग मी वैदेहीला रोज माझ्या खोलीत बसवायला लागले. माझी खोली म्हणजे खेळाच्या सामानाची जुनी कोठी, कोपऱ्यात अजून दोन फाटके नेट होते. पहिले आठ दिवस ती फक्त नेटकडे बघायची. मी स्वेटर विणत बसायचे. बोलायला लावण्यापेक्षा शेजारी बसणं जास्त उपयोगी पडतं, आणि व्यवस्थापनाला ते रिकामं बसल्यासारखं दिसतं. नवव्या दिवशी मी विचारलं, "हे खरंच बाबांसाठी आहे का गं?"

"पहिले दोन मंडे बाबांसाठीच होते, मॅडम. प्रॉमिस," ती म्हणाली. "मग बाबा सगळ्यांना सांगायला लागले. फोनवर, गेस्ट आले की. आणि उपास म्हटलं की कोणी फोर्स करत नाही ना. ते इझी झालं."

"आणि त्याच्या आधी? कशावरून सुरू झालं?"

तिने स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून घेतल्या. मग म्हणाली, "हेल्थ डे."

आरोग्य दिन ही माझी कल्पना. मोठ्या हौसेने मी जुलैत तो भरवला होता. मैदानात वजनकाटा ठेवला, वर्गावर्गाने मुलं रांगेत उभी केली. पीटी सर काट्यावरचा आकडा खणखणीत आवाजात वाचायचे आणि मी टेबलावर बसून तो रजिस्टरमध्ये लिहायचे. एकाने ओरडायचं, एकाने लिहायचं, काम भराभर होतं. सगळ्या शाळांत असंच करतात. वैदेहीचा आकडा वाचल्यावर पीटी सर म्हणाले होते, "अरे, हैवीवेट चैंपियन!"

"सगळे हसले," वैदेही म्हणाली. "तुम्ही पण हसलात, मॅडम."

मला आठवत नाही. मी किती वेळा आठवून बघितलं, तो काटा आठवतो, सरांची शिट्टी आठवते, रजिस्टरचा निळा पुठ्ठा आठवतो. हसलेलं आठवत नाही. पण तिला आठवतं, आणि तिला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. मी तिला म्हटलं, "मी हसले असेन. चुकलं माझं." तिने मान हलवली आणि पुन्हा नेटकडे बघायला लागली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी मुलांकडून शेकडो माफीपत्रं लिहून घेतली, स्वतः अशी माफी तेवढी एकदाच मागितली.

त्याच दिवशी मी विनायकरावांना फोन करून सांगितलं, तह मोडला, डॉक्टरकडे चला. ते म्हणाले, सोमवारी यादी नक्की आहे, कार्यालयात सगळे म्हणायलेत. मी प्रिन्सिपल मॅडमकडे गेले. या वेळी विचारायला नाही, सांगायला गेले: मंगळवारी ही मुलगी डॉक्टरकडे गेली नाही तर मी राजीनामा देईन आणि त्यात कारण लिहीन. मॅडमना माझ्या जाण्याचं दुःख झालं नसतं, कारण लिहिण्याचं झालं असतं. त्यांनी माझ्यासमोर फोन उचलला आणि विनायकरावांना सांगितलं की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय बुधवारपासून मुलीला वर्गात बसू देणार नाही.

आणि सोमवारी यादी खरंच लागली. विनायकराव इथेच राहिले. दुपारी ते पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेत आले, वॉचमनपासून प्रिन्सिपलपर्यंत सगळ्यांना वाटत सुटले, यादम्माच्या हातावर दोन ठेवले. मला म्हणाले, "मॅडम, पोरीच्या उपासाला फळ आलं!" वैदेहीला लवकर घरी न्यायची परवानगी त्यांनी मागितली, घरी पुरणपोळीचा बेत होता. बाप इतका आनंदात होता की मला काही बोलवेना. मीही पेढा खाल्ला.

दोन तासांनी त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"मॅडम, नवस फिटला तरी ती जेवंना."

मी रिक्षाने गेले. जेवणाच्या टेबलावर ताट वाढलेलं होतं. पुरणपोळी, तूप, कटाची आमटी, सगळं गार झालेलं. वैदेही समोर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. आई एका बाजूला, बाप दुसऱ्या बाजूला. कुणी रागावत नव्हतं, कुणी आग्रह करत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं.

"मला खायचंय, बाबा," ती म्हणाली. "खरंच खायचंय. जमंना मला."

विनायकरावांना त्या क्षणी समजलं. मी गेले अनेक दिवस जे शब्दांत सांगत होते ते त्या गार ताटाने सांगितलं. ते उठले, आतून तिची चप्पल घेऊन आले आणि खाली बसून तिच्या पायात घालायला लागले. चौदा वर्षांच्या मुलीच्या पायात. बक्कल त्यांना लागेना. आईंनी येऊन ती लावली. आम्ही त्याच रिक्षाने इस्पितळात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि लगेच दाखल करून घेतलं. हृदयाचे ठोके फार मंद झाले होते. त्या म्हणाल्या, आणखी थोडे दिवस गेले असते तर तिला इथे आणायची गरज राहिली नसती. मग विचारलं, आज काही खाल्लं का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "बरं झालं. इतक्या दिवसांच्या उपाशी पोटी एकदम जड जेवण गेलं असतं तर तेही जिवावर बेतलं असतं. आता आम्ही सांगू तेवढंच, सांगू तसंच." म्हणजे त्या दिवशी ती जेवली नाही म्हणून वाचली. वैद्यकशास्त्राचा हा विनोद पचवायला मला बराच वेळ लागला.

बाहेरच्या बाकावर वैदेहीच्या आई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्यात उपास नसतात, ते बरंय." हे कौतुक होतं की माफी, मी विचारलं नाही. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

ती तीन आठवडे इस्पितळात होती. त्यानंतर खरं काम सुरू झालं, आणि ते अगदीच कंटाळवाणं असतं. मानसोपचाराच्या डॉक्टर आठवड्यातून एकदा भेटायच्या, आहाराची बाई तक्ता द्यायची, घरी प्रत्येक जेवणाला कोणीतरी समोर बसायचं. शाळेतल्या जेवणाला मी. त्या कोठीत बसून एका मुलीला अर्धी पोळी खायला पाऊण तास लागताना बघायचं. घड्याळाकडे बघायचं नाही, "शाब्बास" म्हणायचं नाही, "एवढंच?" असं तर मुळीच नाही. मी सगळ्या शिक्षकांना एकत्र बसवून सांगितलं की कुठल्याही मुलीला बारीक झालीस, जाड झालीस, छान दिसतेस यातलं काही म्हणायचं नाही. एका बाईंनी विचारलं, मग बोलायचं काय? प्रश्न प्रामाणिक होता. वजनं यापुढे पडद्याआड, एकेकट्याची, आकडा न उच्चारता घ्यायची, असा नियम मी करून घेतला. पीटी सर नाराज झाले. त्यांच्या मते यात शिस्तीचं नुकसान होतं.

ती सरळ बरी झाली नाही. परीक्षेच्या वेळी पुन्हा घसरली, पुन्हा चार दिवस इस्पितळ. एकदा तिने डबा माझ्या अंगावर फेकला, वरणाचे डाग त्या साडीवरून गेले नाहीत. एकदा मला म्हणाली, तुम्ही माझ्या आयुष्यात आलाच नसता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मलाही कधी कधी तसंच वाटतं, पण अजून पाव पोळी राहिलीय. दुसऱ्या शाळेत अशीच एक मुलगी होती, तिच्या घरच्यांनी नजर काढून बघितली, गावी पाठवून बघितलं. ती वाचली नाही. तिच्या शाळेत सोशल वर्कर नव्हती. मी असूनही माझ्या हातून काय होणार होतं ते मला माहीत आहे, म्हणून त्या शाळेला मी नावं ठेवत नाही.

वैदेही दहावीत गेली. पावसाळा संपत आला होता. एका सकाळी पीटी सर तिला दंडाला धरून माझ्या कोठीत घेऊन आले. सर संतापाने लाल झाले होते. वैदेहीचे गाल फुगलेले होते.

"मैडम, ये देखो! प्रेयर की लाइन में खड़ी होके जाम खारी थी!" जाम म्हणजे आपला पेरू. शाळेच्या फाटकाबाहेर एक बाई टोपलीत घेऊन बसायची. "मैं सीटी मारा तो बी चबातीच जारी! पूरे स्कूल के सामने!"

मी विचारलं, "आधा खाई क्या, सर?"

"आधा? ये दूसरा है मैडम! नमक-मिर्ची लगाके! एक पूरा खतम करके दूसरा निकाली!"

वैदेही खाली बघत होती. तिच्या हनुवटीला तिखट लागलं होतं. तिने घास गिळला. तो गिळताना मी तिच्या गळ्याकडे बघत राहिले.

"आप हमेशा इसकु सपोर्ट करते," सर म्हणाले. "इस बार डायरी में लिखना पड़ता."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "लिहिते." आणि लिहिलं. तुमची मुलगी प्रार्थनेच्या वेळी रांगेत उभी राहून खात होती, पालकांनी नोंद घेऊन सही करून पाठवावं. अक्षर जरा वाकडं आलं. वैदेहीने डायरी घेतली, "सॉरी मॅडम" म्हणाली आणि वर्गात गेली. सर समाधानाने गेले. शिस्त शाबूत राहिली.

दुसऱ्या दिवशी डायरी परत आली. पालकांच्या सहीसाठी तिथे एकच रेघ असते, तिच्यावर आईबाप दोघांच्या सह्या दाटीवाटीने बसल्या होत्या. खाली विनायकरावांनी त्यांच्या कार्यालयीन अक्षरात शेरा मारला होता:

"नोंद घेतली. पुन्हा असे घडल्यास कृपया त्वरित कळवावे."